माळकऱ्यांत मरळ

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला दाजींचा फोन आला. आमच्या दाजींचा फोन इतक्या सकाळी आला की दोनच गोष्टी संभवतात. एक तर भावकीतलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर दाजींनी काहीतरी आणलेलं असतं. आवाजात उत्साह होता, म्हणजे कुणी गेलेलं नव्हतं. (तेही भावकीतलं कोण यावर अवलंबून आहे, पण ते असो.)

"पाव्हणं, सोडली!"

अर्धवट झोपेत मी एवढंच ऐकलं आणि अक्का गेली बारा वर्षं त्यांना जे सोडायला सांगतेय ते त्यांनी शेवटी सोडलं असं समजून मनापासून अभिनंदन केलं.

"तंबाखू न्हवं वो. मरळ! तळ्यात सोडली. सा नग. येकेक दीड किलोची. वाघ हाय वाघ!"

मागून अक्काचा आवाज आला, "ऐन श्रावणात मासं आणलं म्हणावं घरात." त्यावर दाजी फोन तसाच कानाला धरून म्हणाले, "खायला कुठं आणलंय? बगायला आणलंय." या एका वाक्यात पुढच्या दोन वर्षांचं सगळं भविष्य होतं, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माळशिरस तालुक्यात चार एकर डाळिंब, दोन म्हशी, एक पिकअप आणि एक शेततळं. २०१६ साली सरकारनं 'मागेल त्याला शेततळे' अशी योजना काढली. मागेल त्याला द्यायचं ठरल्यावर दाजी मागायचे राहतील हे शक्यच नव्हतं. अनुदान जास्तीत जास्त ५० हजारांचं. त्यात तीस मीटर बाय तीस मीटरचा, तीन मीटर खोल खड्डा कसाबसा निघाला. पण आमच्या मुरमाड रानात नुसत्या खड्ड्यात पाणी ठरत नाही, त्याला कागद लागतो. कागद म्हणजे जाड काळं प्लॅस्टिक, पाचशे मायक्रॉनचं. तो अक्काच्या मोत्याच्या कुड्या आणि दोन पाटल्यांवर आला. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत सोनं गहाण पडलं आणि तळ्यात कागद पडला. काठोकाठ भरलं की बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी. पावसाळ्यात विहिरीतून उपसून भरायचं आणि एप्रिल-मेमध्ये ठिबकनं डाळिंबाला पाजायचं, असा साधा बेत होता.

पण ज्याच्या दारात बावीस लाख लिटर पाणी आहे त्याला ते नुसतं पाणी म्हणून बघवत नाही. आधी कडेला नारळ लागले, मग एक सिमेंटचं बाकडं आलं, मग मासे आले.

पहिले मासे रीतसर मत्स्यबीज केंद्रातून आले. या खात्याचे शब्द मला फार आवडतात. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. ते जरा अंगानं भरलं की अर्धबोटुकली, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. सरकारी कागदावर याच्याइतका लाडिक शब्द दुसरा नसेल. दाजींनी आठशे बोटुकली आणली: कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाच चाळीत तीन मजल्यांवर तीन बिऱ्हाडं, आणि कुणाची कुणाच्या डब्यावर नजर नाही. खाणंही काय, तर पाण्यातले सूक्ष्म जीव, शेवाळ, तळाचा पालापाचोळा. वरून शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मिळाला म्हणजे त्यांची दिवाळी.

अक्का वीस वर्षांची माळकरी. घरात मासा शिजत नाही. दाजींना खायचा झाला तर गोठ्यामागं तीन दगडांची चूल, वेगळी कढई, आणि नंतर अंघोळ. पण ही बोटुकली तिला पसंत पडली. सकाळी पाटीतून पेंड घेऊन ती काठावर जायची, पाटीवर दोनदा थाप मारायची, आणि पाणी थुईथुई व्हायचं. "कुणाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत," ती म्हणायची. "माळकरीच हायती बिचारी."

दाजींना नेमकं हेच लागलं. तळं बघायला येणारा प्रत्येक जण बाकड्यावर बसून, चहा पिऊन, जाताना विचारायचा, "मोटा मासा हाय का न्हाई?" त्याला दाजी काय सांगणार? आठशे आहेत, गुणी आहेत, कोंडा खातात? वासरांचा गोठा दाखवून कुणी बैलगाडा शर्यतीच्या गप्पा मारत नाही. तळ्याला दरारा हवा होता.

मग एका पहाटे ते पिकअप घेऊन भिगवणला गेले. उजनीच्या काठचा तो मासळीबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. चिलापीचे ढीग ओतलेले असतात, त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. मरळ मात्र टपात, थोड्याशा पाण्यात, जिवंत. तिला नुसत्या पाण्यावर भागत नाही. तिच्या डोक्यात हवा साठवायची कप्प्यासारखी सोय असते आणि ती अधूनमधून वर येऊन तोंडानं हवा घेते. म्हणून अंग ओलं असलं की तास न् तास पाण्याबाहेर टिकते, आणि म्हणून शेवटपर्यंत जिवंत विकली जाते. दाजींनी सहा निवडल्या. निळ्या बॅरलात वीतभर पाणी, वर ओलं पोतं, आणि दर वीस किलोमीटरला गाडी थांबवून पोतं उचलून चौकशी. अक्का बाळंतीण असताना दवाखान्यातून घरी आणतानाही गाडी इतकी हळू चालवली नव्हती, हे मला अक्कानं सांगितलं.

गौरी-गणपतीला मी गेलो तेव्हा दाजींनी चपला काढायला लावून मला काठावर बसवलं. "बोलू नका. सांजचं वर येती." आम्ही बसलो. पाणी काळं, कागदामुळे अजून काळं. पाऊण तास झाला. मग समोर दहा हातांवर पाणी जरासं फुगलं, एक चपटं, सापासारखं डोकं अर्ध्या क्षणापुरतं वर आलं आणि 'गप्' असा आवाज झाला. पोळी गिळताना घाईच्या माणसाच्या गळ्यातून येतो तसा. तीन बुडबुडे आले आणि एक वलय रुंदावत रुंदावत आमच्या पायांपर्यंत येऊन कागदावर विरलं. झालं एवढंच. पण दाजींच्या चेहऱ्यावर विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकून आलेल्या माणसाचं समाधान होतं.

"बगितली?"

"बघितली."

"तिनं बी बगितलं तुमाला."

दिवाळीत फेकजाळं टाकलं. पहिल्या फेकीत माझ्या भाच्याची हरवलेली चप्पल निघाली. दुसऱ्या फेकीत तीन कटले. दिवसभर फेकून फेकून एकोणीस मासे मोजले, आणि तेही अशा चेहऱ्यानं की जणू कुणीतरी त्यांना सोडवायलाच आलं आहे. अक्कानं पाटीवर थाप मारली. पाणी हललं नाही.

मी बँकेतला माणूस, हिशेब करायची खोड. शिकारी माशाचं वजन एक किलोनं वाढायचं तर ढोबळमानानं दहा किलो मासळी त्याच्या पोटात जावी लागते. सहा मरळी दीड किलोवरून तीन किलोवर न्यायच्या म्हणजे नव्वद किलोचा माल. आणि आठशे बोटुकली म्हणजे सगळी मिळून वजनाला आठ-दहा किलो. दाजींनी जे सोडलं होतं त्याला मत्स्यपालन म्हणता येत नाही. तो नाश्ता होता. बरं, क्रमही उलटा. जाणती माणसं आधी रोहू-कटला हातभर वाढवतात आणि मग बोटभर मरळ सोडतात, म्हणजे तिच्या तोंडात ते मावत नाहीत. मरळ भक्ष्य चावून खात नाही, गिळते. तेव्हा प्रश्न सगळा तोंडाच्या मापाचा. दाजींनी तोंड मोठं आणलं आणि घास लहान ठेवला.

शिवाय गेलेले मासे भरून येणार नव्हते. रोहू-कटल्यांना वीण घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तळ्यात ते संसार करत नाहीत. हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञानं ओडिशातल्या अंगुलला १० जुलै १९५७ रोजी त्यांना पीयूष ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून वीण घालायला लावली, तेव्हा कुठं देशभर बोटुकली मिळायला लागली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याच सुईचा. मरळीला कसली सुई लागत नाही. ते पुढं येईलच.

"आता काय करायचं?" दाजींनी भाच्याला विचारलं. भाचा कृषी महाविद्यालयात आहे. त्यानं सांगितलं की अमेरिकेत अलाबामात ऑबर्न इथं स्विंगल नावाच्या प्राध्यापकानं १९३०-४० च्या दशकांत खासगी तळ्यांचा हाच हिशेब बसवला. तिथल्या शेतकऱ्यांनाही तळ्यात दांडगा मासा हवा असायचा. एकरी शंभर बास, म्हणजे शिकारी, आणि त्यांच्या जोडीला हजार ब्लूगिल, म्हणजे भक्ष्य. खुबी अशी की ब्लूगिल तळ्यातच भराभर वितो. बास खात राहतो, ब्लूगिल वीत राहतो आणि मालक गळ टाकून बसतो.

"आपल्याकडं भराभर कोण वितं?" दाजींनी विचारलं, आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. "चिलापी!"

१९५२ साली चिलापी या देशात आली आणि तेव्हापासून ती वीतच आहे. मादी अंडी तोंडात धरून फिरते, पिल्लंही घाबरली की परत आईच्या तोंडात शिरतात, आणि ती वाढीला लागतात न लागतात तोच पुढची तयारी. रोहू-कटल्यांच्या तळ्यात चिलापी शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो. दाजींनी ती पैसे देऊन आणली. भिगवणच्या विक्रेत्यानं तीनदा विचारलं म्हणे, "खायला का सोडायला?"

इलाज मात्र लागू पडला. मरळींना रतीब सुरू झाला. इतका की मधेच कुणा दलालाचा फोन आला, "मांगूर देऊ का? सा महिन्यांत किलोच्या वर, काय बी खातं, कोंबडीची घाण बी खातं," तेव्हा दाजींनी तोऱ्यात नकार दिला. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे आणि उजनीच्या परिसरात अशी तळी पकडून नष्ट केल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पण दाजींचं कारण वेगळं होतं. "त्याला मिशा हायत," ते म्हणाले, "पर रुबाब न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात मरळीनं घर मांडलं. वाघाला झाडी पाहिजे म्हणून दाजींनी ओढ्यातली जलपर्णी आणून एका कोपऱ्यात सोडली होती. त्या पसाऱ्यात जोडीनं मधोमध भाकरीएवढी मोकळी जागा केली, आणि आठवड्याभरानं तिथं पाण्यावर कुणी मूठभर कुंकू सांडल्यासारखं दिसायला लागलं. जवळ गेल्यावर कळलं, ती पिल्लं होती. लालबुंद, सुईएवढी, शेकड्यांनी. सगळी एकाच वेळी वर येत, एकाच वेळी खाली जात. कुंकवाचा तो गोळा तळ्यात हळूहळू फिरायचा आणि त्याच्या खाली दोन काळ्या सावल्या. दाजींनी कौतुकानं पाण्यात हात घातला. पुढचे चार दिवस त्यांनी भाकरी डाव्या हातानं खाल्ली.

हाताला फडकं बांधून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. गावात दराऱ्याचं काम झालं.

त्याच सुमारास अक्कानं एक गोष्ट टिपली. "बेडकं गप झाली रं." खरंच, पहिल्या पावसानंतर रात्रभर चालणारा डराँव डराँवचा गोंधळ त्या वर्षी झालाच नाही. रात्री अंगणात खाटेवर पडलो तर इतकी शांतता, की विहिरीवरच्या मोटारीचा आवाज नको तितका ऐकू यायचा. मधेच तळ्याच्या बाजूनं एक 'गप्'.

एका संध्याकाळी दाजींना बरं वाटावं म्हणून मी त्यांना थोरामोठ्यांचे दाखले दिले. म्हटलं, बसवकल्याण आपल्या सोलापूरपासून काही लांब नाही. तिथं बाराव्या शतकात चालुक्यांचा सोमेश्वर राजा होता, त्यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ लिहिला. राजानं मन कशाकशात रमवावं ते त्यात सांगितलंय, आणि त्यात मत्स्यविनोद म्हणून गळाच्या शिकारीचं एक प्रकरणच आहे. कोणत्या जातीचा मासा, त्याला कसला चारा, सगळं. दाजी सावरून बसले. मग मी रोमला गेलो. तिथले श्रीमंत समुद्रकाठच्या हवेल्यांत तळी बांधून मुरेना पाळायचे. वामेसारखा लांब, दातेरी, चावरा मासा. हॉर्टेन्सियस नावाचा मोठा वकील आपली मुरेना मेली तेव्हा रडला, असं थोरला प्लिनी लिहून गेलाय. आणि त्याच हवेलीत पुढं अँटोनिया नावाची राजघराण्यातली बाई होती, तिनं तर आपल्या लाडक्या मुरेनेला डूल घातले.

"डूल?" दाजी म्हणाले. "माशाला?"

"माशाला."

अक्का भाकरी थापत होती. ती थापायची थांबली. "हितं मासा बाईच्या कुड्या घालून बसलाय," ती म्हणाली, "त्यात काय नवल?"

त्यानंतर मी दाखले द्यायचं बंद केलं.

सप्टेंबरच्या परतीच्या पावसात तळं काठोकाठ भरून एका बाजूनं सांडलं. सकाळी शेजारच्या मळ्यातले काका बांधावरून ओरडले, "तुमचं जनावर सुटलंय!" ओल्या गवतात मरळ कमरेत वळत वळत, कडेच्या दोन्ही परांवर रेटत, ओढ्याच्या दिशेनं निघाली होती. मरळीला हे जमतं. काकांच्या कुत्र्यानं वाट अडवली होती, पण पुढं व्हायची त्याची छाती होत नव्हती. दाजींनी अंगातला सदरा काढून तिच्यावर टाकला आणि लेकराला उचलावं तशी उचलली. काकांनी मात्र त्या दिवसापासून एक खातं उघडलं. त्यांची दोन बदकाची पिल्लं नाहीशी झाली होती. मरळ बदकाचं पिल्लू खाऊ शकते, म्हणून दाजी नाही म्हणू शकेनात. पुढं काकांची एक चार्जिंगची बॅटरी हरवली, तेव्हाही ते तळ्याकडंच बघत होते.

मला तेव्हा अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची गोष्ट आठवली. तिथं एका माणसानं आजारी बहिणीला सूप करून घालायला न्यूयॉर्कच्या बाजारातून मरळीच्याच कुळातले दोन मासे जिवंत मागवले. मासे येईपर्यंत बहीण बरी झाली. मारायचे कशाला म्हणून त्यानं काचेच्या टाकीत पाळले, टाकी पुरेना तेव्हा क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात सोडले. २००२ साली ते गळाला लागले, त्यांची शेकड्यांनी पिल्लंही सापडली, आणि मग सरकारी माणसांनी येऊन अख्ख्या तळ्यात विष कालवलं. भावानं बहिणीच्या तब्येतीची काळजी घ्यावी, पण आधी ती बरी होतेय का ते बघावं. हैदराबादला मृग नक्षत्र लागताना दम्याच्या रोग्यांना मरळीचं जिवंत पिल्लू औषधासकट गिळायला देतात, तिथं निदान मासा परत कुठं सोडायचा हा प्रश्न उरत नाही.

पिल्लांचं पुढं काय झालं हेही सांगून टाकतो. ती थोडी मोठी झाली तशी मोठ्यांनी धाकट्यांना खाल्लं, आणि उरलेल्यांतली बरीच आई-बापांच्या वाट्याला गेली. लहानपणी ज्यांच्यासाठी त्यांनी दाजींचा हात फोडला, तीच. अक्का म्हणाली, "वाटण्या झाल्या."

परवाच्या मे महिन्यात मी गेलो, ते खास आमंत्रणावरून. "या. औंदा मरळीचा रस्सा करायचा." दोन वर्षांत त्या तळ्यातला एक काटा माझ्या जिभेला लागला नव्हता. पोचलो तर ऊन रणरणत होतं, विहिरीनं तळ गाठला होता आणि तळ्यात जेमतेम पुरुषभर पाणी. डाळिंबाची पानं आत वळलेली. ठिबकच्या नळ्या कोरड्या.

"दाजी, तळ्यात पाणी आहे की अजून. झाडांना का सोडत नाही?"

दाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांच्या पोरांना उपाशी ठेवायला सांगितलंय. "अजून खाली गेल्यावर पाणी तापतंय. कागद चटका देतोय. तळाला चिखल असता तर चिखलात बसून ऱ्हाती ती, ह्या कागदावर कुटं जाईल?"

एवढ्यात टँकर आला. दहा हजार लिटरचा. मला हायसं वाटलं. म्हटलं, निदान झाडांची सोय केलीय. ड्रायव्हरनं पाइप खांद्यावर घेतला आणि विचारलं, "कुटं?"

"तळ्यात," दाजी म्हणाले.

ड्रायव्हर थांबला. तळ्याकडं बघितलं, डाळिंबाकडं बघितलं, पाइपकडं बघितलं. "तळ्यातनं भरून घ्यायचं का तळ्यात सोडायचं?"

"सोडायचं."

"आन् झाडं?"

"झाडं काय, पुढल्या साली बी येतील."

पाणी धबाधबा पडायला लागलं. पाच मिनिटांनी पलीकडच्या कोपऱ्यात पाणी फुगलं, ते चपटं डोकं आता चांगलंच रुंद झालेलं होतं, आणि 'गप्' आवाज झाला. दाजींनी माझा दंड धरला. "बगा. गार वाटलं तिला."

रस्सा झाला. गोठ्यामागच्या तीन दगडांवर, वेगळ्या कढईत, चांगला झणझणीत झाला. पहिल्या घासाला मला शंका आली, दुसऱ्याला खात्री पटली. ती चिलापी होती, सकाळी भिगवणहून आणलेली. दाजी ताटातून मान वर करत नव्हते.

अक्का ताक घेऊन आली. तिनं कढईत डोकावून बघितलं नाही, ती बघणारच नव्हती. नुसतं विचारलं, "आन् माझ्या कुड्या?"

"मरळ जरा मोटी झाली की सोडवतो. भाव येऊ दे."

"किती मोटी?"

दाजींनी रश्शाचा हात धुतला आणि दोन्ही हात पसरून माप दाखवलं. मग त्यांची नजर तळ्याकडं गेली, आणि हात आणखी वीतभर लांब झाले.